वार कुठं पुरली?

सुमनबाईसमोर गावात कुणी फार ऐट करत नाही. करायची सोयच नाही. आज चाळिशीच्या आसपास असलेला जो कोणी आहे, मग तो सरपंच असो, सोसायटीचा चेअरमन असो की हिंगोलीला बंगला बांधून काळा गॉगल लावून येणारा गुत्तेदार असो, त्याला या जगात सगळ्यात आधी उलटं धरून, पाठीत चापट मारून रडवलंय ते सुमनबाईनं. गुत्तेदाराचा आवाज पारावर जरा चढला की ती जाता जाता एवढंच म्हणते, "तुझं डोस्कं लई मोठं व्हतं रे. मायला लई तकलीफ देलीस." की गुत्तेदार चहा मागवतो आणि विषय बदलतो.

सिद्धेश्वरच्या धरणाच्या कालव्याकाठी हे गाव, आणि सुमनबाई या गावची सुईण. होती, म्हणायला पाहिजे. सरकारी गाडी दारात येऊन बायांना औंढ्याच्या दवाखान्यात न्यायला लागली तेव्हापासून तिचे हात रिकामे झाले. रिकामे हात घेऊन बसणं हा तिचा स्वभाव नाही. तिचा नवरा रामकिशन एका जागी बसला की त्याच्यावर चिमण्या घरटं करतील असा शांत माणूस. ही मात्र गरम तव्यावरच्या ज्वारीसारखी. आत्ता ओट्यावर, आत्ता कालव्यावर, आत्ता तुमच्या चुलीपाशी तुमच्या वरणात मीठ कमी आहे हे सांगायला.

कुणी बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की सुमनबाई तिथं हजर. लेकराची टाळू बघायची, बेंबी बघायची, आणि मग तो ठरलेला प्रश्न टाकायचा: "वार कुठं पुरली?"

बाळामागून पडते ती वार. ती न्हाणीजवळ खोल खड्डा करून, हळद-कुंकू वाहून पुरायची आणि वर दगड ठेवायचा, असा तिचा कायदा. वार कुत्र्यानं ओढू नये, कुण्या वाईट डोक्याच्या माणसाच्या हाती लागू नये. वार उघडी पडली की तिकडं लेकरू किरकिर करतं. नव्या पोरी खाली मान घालून सांगायच्या, आजी, दवाखान्यातच ऱ्हायली, पिवळ्या पिशवीत टाकली. झालं. मग सुमनबाई औंढ्याला जाऊन तिथल्या सिस्टरशी भांडणार, आणि गावात कुणाचं पोर पोटदुखीनं रडलं तरी दोष पिवळ्या पिशवीचा. एक पोरगं दहावीला गणितात गेलं, त्याचंही खापर तिनं त्याच पिशवीवर फोडलं.

अशा या बाईनं जन्मात कुणाला चुना लावला नाही. लावला तो स्वतःलाच, तोही डोळ्यात.

तंबाखू सोडायची असं ती दर एकादशीला ठरवते. त्या दिवशी एकादशी नव्हती. चुन्याची प्लास्टिकची नळी तोंडाशी वाळली होती, दाबून काही येईना. का येईना म्हणून हिनं ती डोळ्यासमोर धरून नीट बघितली आणि बघता बघता दाबली. आला तो सगळा चुना उजव्या डोळ्यात.

आता घागरीनं पाणी ओतायला पाहिजे होतं. पण गावात दुखण्या-खुपण्याचा हुकूम सुटायचा तो हिच्याच तोंडून. हिनं हुकूम सोडला: बाळंतिणीचं दूध आणा. मग पार खालच्या आळीत ओल्या बाळंतिणीकडं माणूस धावला, तिचं लेकरू झोपलेलं, ती उठली, वाटी शोधली. तोवर चुन्यानं आपलं काम बराबर केलं होतं. पुढं हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं की बाई, तिथल्या तिथं पाणी मारत राहिल्या असत्या तर बरंच वाचलं असतं. सुमनबाईनं त्यालाच विचारलं, "मंग तवाच काहून न्हाई सांगितलं?"

डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला. सारखा लाल, सारखा गळायचा, उजेड सुईसारखा टोचायचा. दिवस आहे की रात्र, एवढंच काय ते त्याला कळायचं. वर्षभर थेंब झाले, मलम झालं. डावा डोळा धड होता, म्हणून रामकिशनचं मत होतं की जगात एका डोळ्यानं भागवणारे पुष्कळ आहेत. सुमनबाईनंही भागवलं असतं. पण खालच्या आळीत एक बारसं झालं. ही सवयीनं पाळण्यावर वाकली, आणि लेकराच्या आईनं हळूच, कुणाला दिसणार नाही असा पदर लेकराच्या तोंडावर ओढला. पांढऱ्या डोळ्याची नजर नको म्हणून. त्या आईलाही सुमनबाईनंच काढलं होतं, पायाळू.

सुमनबाई काही बोलली नाही, ही बातमी गावात बारशापेक्षा जास्त चालली. घरात सून पुनमला नुकतेच दिवस गेले होते. सुमनबाई भाकरी थापता थापता सुनेच्या पदराकडं बघायची आणि मनातल्या मनात विचारायची, ही पण झाकील का? हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण तिची नजर जिथं जायची तिथं गावाचीही जायचीच. पुढच्या हप्त्यात तिनं मुलाला, विजयकुमारला सांगितलं, हैद्राबादला मोठा डोळ्यांचा दवाखाना आहे म्हणे, गाडीत घाल मला.

तिथल्या डॉक्टरनं हिंदीत समजावलं. डोळ्याच्या काळ्या गोलाच्या कडेनं एक पट्टी असते, तिच्यात डोळ्याच्या कातडीचं बी असतं, जन्मभर नवी कातडी तिथूनच उगवत राहते. चुन्यानं ते बीच जळालं. आता चांगल्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत त्याची वाढ करायची, आणि ती नवी साय आणून आजारी डोळ्यावर लावायची. पूर्वी हे सारं नुसतं शास्त्रज्ञांच्या टेबलावर होतं, आता माणसांवर करतात. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण पुष्कळांना येतो.

रामकिशनचा जीव टांगणीला लागला. एक गेलाच आहे, दुसऱ्यालाही सुरी लावता का, असं त्याचं म्हणणं. पण सुमनबाईला पहिल्या झटक्यात उमजलं होतं. "इरजण हाय ते," ती म्हणाली. "चांगल्या गाडग्यातलं चमचाभर दही काढलं म्हणून गाडगं रितं व्हतं का?"

डॉक्टरनं अजून एक गोष्ट सांगितली होती: ती साय कशावर वाढवतात ते. ते ऐकताना विजयकुमारनं आईकडं एकदा बघितलं आणि मराठीत सांगताना नुसतं "पातळ कापडासारखं कायतरी असतंय" म्हणून पुढं सरकला. तो कृषी सेवा केंद्रात कामाला. शेतकऱ्याला औषधाचं अर्धंच सांगायची सवय लागलेला. आईला त्यानं तेच केलं आणि हुशारी केली असं समजला.

तुकडा काढला, पट्टी बांधली आणि घरी पाठवलं. पंधरवड्याच्या आसपास साय तयार होईल, फोन येईल, आला की दिलेल्या दिवशी यायचंच. जिवंत चीज आहे, ती थांबत नाही. वाया गेली तर पुन्हा चांगल्या डोळ्याला हात लावावा लागेल, आणि ते डॉक्टरला नको होतं.

मग सुरू झाला तो पंधरवडा. शिवारात हळद शिजत होती, कुकरच्या वाफा उठत होत्या, गावभर पिवळी धूळ. आणि सुमनबाईला धुळीत, धुरात जायची बंदी. ती घरात अशी फिरायची की कोंबड्यांनी अंगण सोडलं. ताट वाढून घ्यायची आणि न जेवता उठायची. आपण इथं, आपल्या डोळ्याचा कण तिकडं परमुलखात, त्याला कोण बघतंय, कोण झाकतंय. लेक सासरी दिली तरी एवढा घोर लागत नाही, असं ती ज्याला त्याला सांगायची. रामकिशन म्हणाला, "लेकीला निदान फोन तरी करता येतो." तो चेष्टेत म्हणाला. तिनं त्याच दिवसापासून फोन सुरू केले.

दवाखान्यात साधना नावाची उदगीरकडची पोरगी होती. प्रयोगशाळेत काम करायची आणि मराठी पेशंटांना समजावून सांगायची. तिला सुमनबाई रोज विचारणार: वाढून राहिलं का? उबीत ठेवलंय का? वर झाकण हाय का? साधनाही रोज सांगायची, हो मावशी, उबीत आहे, माणसाच्या अंगाएवढ्याच उबीत, रोज सूक्ष्मदर्शकातून बघते, कडेकडेनं पसरतंय. पोरगी कंटाळत नव्हती. एके दिवशी सुमनबाईनं विचारलं, लेकी, ते निजतंय कशावर? कापूस आंथरलाय का?

साधनाला वाटलं, मावशीला माहीतच आहे. ती सरळ म्हणाली, "नाही मावशी, बाळंतिणीच्या वारेचा पातळ पापुद्रा असतो ना, त्यावर. त्यावरच छान वाढतं."

सुमनबाईनं फोन असा खाली ठेवला की जणू त्यातून पुन्हा चुना उडणार होता.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते आळीत सगळ्यांनी ऐकलं. भिंती पातळ आहेत आणि सुमनबाईचा आवाज जाड. कुण्या बाईची वार, न पुरलेली, काचेत पसरलेली, आणि तिच्यावर आपला डोळा. तिकडं त्या लेकराचं काय होत असेल? जन्मभर जगाला वार पुरायला लावली, आणि आता स्वतःच्या डोळ्यासाठी दुसऱ्याची उघडी ठेवायची? जात न्हाई म्हणाली. विजयकुमारनं हात जोडले. त्याला तिनं एकच विचारलं, तुला माहीत व्हतं का. तो खाली बघत राहिला, तेव्हा तिला उत्तर मिळालं आणि त्याची भाकरी त्या दिवशी पुनमला वाढावी लागली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. साय तयार आहे, परवा सकाळी या. घरात कुणी कुणाकडं बघेना.

सुमनबाई चपला घालून निघाली ती थेट तांड्यावर. हे मात्र कुणाच्या स्वप्नात आलं नसतं. तांड्यावर मिराबाई राहते. तीही सुईण, वयानं हिच्याएवढीच, आणि दोघींचं उभ्या जन्माचं वैर. बाळाला पहिली अंघोळ कधी घालायची यावरून एकदा दोघी एका बाळंतिणीच्या उशापायथ्याशी भांडत राहिल्या आणि पोरगं आपलं आपण बाहेर आलं, असं सांगतात. पण वारेचा न्याय मागायला दुसरं होतं कोण? पुढाऱ्याला काय कळतं त्यातलं?

मिराबाई दारात तुरीच्या शेंगा निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता. मग म्हणाली, "वार आपुन काहून पुरतो, सुमनबाई?"

"कुत्र्यानं ओढू ने म्हणून. कुणी वंगाळ काम करू ने म्हणून."

"तिथं कुत्रं हाय का?"

"काचेच्या कपाटात हाय म्हणं. कुलूप लावून."

"मंग वंगाळ काम कोण करून राहिलं? डोळा करून राहिले ना ते?"

मिराबाईचं बरोबर निघालं, म्हणून सुमनबाई आणखीच चिडली. म्हणाली, पण त्या माउलीला कुणी विचारलं का? चोरून घेतली असंल तर? आणि काम झाल्यावर टाकतात कुठं, पिवळ्या पिशवीतच ना?

"हे मला काय इचारती," मिराबाई म्हणाली, "ज्याच्याजवळ वार हाय त्याला इचार. आन शेंगा निवडू लाग, नुसती बसू नको."

शेंगा निवडता निवडताच फोन लावला. मिराबाईनं आवाज मोठा करायला लावला, तिलाही ऐकायचं होतंच. कालपासून मावशी का रागावल्या याचा साधनालाही घोर लागलेला. सुमनबाईनं पहिला सवाल टाकला, त्या बाळंतिणीला विचारलं होतं का?

साधना म्हणाली, विचारल्याशिवाय घेतच नाहीत. बाळंतपणाच्या आधीच तिला सगळं समजावलं, तिनं हो म्हटलं, तिच्या रक्ताची तपासणी झाली. पोट उघडून बाळंतपण झालं तेव्हा लगेच स्वच्छ उचलून घेतली. नाव मात्र सांगता येत नाही, तसा नियमच आहे.

"पोरगा झाला का पोरगी?"

तेही सांगता येणार नाही, मावशी.

हे सुमनबाईला अजिबात आवडलं नाही, पण पहिल्या उत्तरानं तिचा आवाज खाली आला होता. मग तिनं खरा सवाल विचारला. "आन डोळ्यावर लावल्यावर मंग तिचं काय करता? कुठं टाकता?"

"टाकत नाही मावशी. ती तुमच्या डोळ्यावरच राहते. हळूहळू विरघळते, डोळ्यातच जिरून जाते."

सुमनबाईनं मिराबाईकडं बघितलं, चांगल्या डोळ्यानं. मिराबाईनं सुपातला कचरा फुंकला.

"म्हंजी माज्या डोळ्यातच पुरणार," सुमनबाई म्हणाली.

"खोल हाय का तेवढा?" मिराबाई म्हणाली. "तुझा खड्डा नेहमीच उथळ असतो."

परतीच्या वाटेवर सुमनबाई जवळजवळ पळतच होती. घरी आल्या आल्या तिनं विजयकुमारला हाक मारली आणि पिशवी भरायला घेतली. पिशवीत काय, तर लुगडी, भाकरी, आणि कागदाच्या पुडीत हळद-कुंकू. रामकिशन काहीतरी विचारणार होता, पण त्यानं नुसता वाटेतल्या जेवणाचा डबा भरायला घेतला. हिंगोलीहून गाडी धरली. सबंध प्रवासात ती खिडकीतून उठून दारात आणि दारातून खिडकीत, शेजारचा प्रवासी शेवटी वरच्या बर्थवर जाऊन झोपला.

ऑपरेशनच्या आधी तिनं साधनाला आपल्या कपाळाला बोट टेकवायला लावलं, हळद-कुंकवाचं. डोळ्याजवळ काही लावता येणार नाही म्हणाल्यावर ती म्हणाली, डोळ्याला नको, कपाळाला लाव, खड्ड्याच्या वर दगड असतो ना, तसं. साधनानं बोट टेकवलं. ते पुढं सिस्टरांनी औषधानं पुसून काढलं ती गोष्ट वेगळी, पण वाहिलं होतं.

आता गंमत बघा. या बाईला डॉक्टर म्हणाले असते डोळा चोळू नका, तर तिनं दाराबाहेर पडेपर्यंत चोळला असता. पथ्य हा शब्द ती फक्त दुसऱ्यांसाठी वापरायची. पण वार पुरलेली जागा कुणी उकरत नाही. तिच्यावर पाय देत नाही, तिथं घाण टाकत नाही. सुमनबाई घरी आली ती उजवा डोळा असा सांभाळत, जणू अंगणात नवा दगड ठेवलाय. चुलीचा धूर नको, हळदीची धूळ नको, थेंब वेळच्या वेळी. डोळ्याला खाज आली की हात वर जायचा आणि अर्ध्यातच थांबायचा, आणि तो थांबलेला हात मग कुठंतरी काम शोधायचा, म्हणून त्या उन्हाळ्यात आळीतल्या सगळ्या गोधड्या तिनं उसवून पुन्हा भरल्या. न विचारता. तंबाखूही सुटली. निदान चुना लावून खायची सुटली. पुनमचं दुखणं-खुपणं मात्र ती लांबूनच विचारायची, जवळ बसायची नाही.

लाली हळूहळू उतरली. गळणं थांबलं. पांढऱ्या पडद्यातून आधी दाराची चौकट दिसायला लागली, मग कोंबडी, मग रामकिशन, पण तो हलला तरच. तपासणीला गेली तेव्हा डॉक्टर खूश होते. साय धरली आहे म्हणाले, पुढं नजर आणखी साफ व्हायला दुसरं एखादं ऑपरेशन लागू शकेल, बघू. सुमनबाईला ते "बघू" आवडलं नाही. तिला सगळं आत्ताच पाहिजे होतं, कारण पुनमचे दिवस भरत आले होते.

गणपतीच्या सुमारास पुनम औंढ्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. बाहेर सुमनबाई व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होती. सिस्टर बाहेर आली आणि हिला बघून आधीच म्हणाली, आजी, वार पिवळ्या पिशवीतच जाणार, भांडू नका.

"पिशवीत काहून?" सुमनबाई म्हणाली. "हैद्राबादला धाडा. पण आदी पुनमला इचारा."

सिस्टर इतकी वर्षं या बाईशी भांडत आली होती, पण असला वार तिच्यावर पहिल्यांदाच झाला होता. तिनं समजावलं की असं धाडता येत नाही, आधीपासून तपासण्या लागतात, आणि पुनमचं तर सिझरही झालं नाही. सुमनबाईला ते पटलं नाही. तिथल्या तिथं साधनाला फोन लावला. साधनानंही तेच सांगितलं. मग दोघींनाही तिनं ऐकवलं की एवढी चांगली वार वाया घालवता, तुम्हाला काही कळत नाही. नियम बदला म्हणाली. हा नवा घोर तिनं तेव्हापासून जो धरलाय तो अजून सोडलेला नाही. सातव्या महिन्याच्या बायांना ती हल्ली वाटेत अडवते.

पण ते नंतरचं. त्या दुपारी ती खोलीत गेली आणि दारातच थांबली. इतक्या घरांत बेधडक शिरलेली बाई, स्वतःच्या सुनेच्या खाटेपाशी जाईना. सवयीनं तिनं स्वतःचाच पदर पुढं ओढला, उजव्या डोळ्यावर. पुनमनं ते बघितलं. थकलेली होती, तरी सासूला खुणेनं जवळ बोलावून खाटेवर बसवलं, तिचा पदर धरला आणि मागं सारला. मग लेकरू तिच्या मांडीवर दिलं, तोंड उघडं.

"बघा की," पुनम म्हणाली. "त्या डोळ्यानं बी बघा."

सुमनबाईनं डावा डोळा मिटला. नुसत्या उजव्यानं, धुक्यातून बघावं तसं, ती बराच वेळ बघत राहिली. सगळं आयुष्य एका जागी न बसलेली बाई, तेवढा वेळ मात्र हलली नाही. दारात विजयकुमार उभा होता. रामकिशन त्याच्या मागं. काय दिसतंय हे तिनंच सांगायचं होतं.

"बापावर गेली," ती शेवटी म्हणाली. "डोस्कं लई मोठं हाय."